पायांसकट

—नाही मास्तर, ट्रायल गुरुवारी नाही. गुरुवार सोडून कुठलाही वार सांगा. शुक्रवारी या, शनिवारी या, उन्हं चढायच्या आधी या, मी सातला उघडतो. पण या गुरुवारी दुकान बंद. — पाय हलवू नका. — हां, असाच राहू द्या, अंगठा माझ्याकडे, टाच त्या लाकडावर टेकलेली. आता पंधरा-वीस मिनिटं तुम्ही काहीही करायचं नाही. प्लास्टर आधी गार लागतं, मग आपोआप गरम होतं, घाबरायचं नाही. एक गिऱ्हाईक असंच घाबरून उठलं आणि अर्धा साचा पायात घेऊन जिना उतरलं. वकील होते. — डॉक्टरांनी चिठ्ठी बरोबर लिहिलीय, तळव्याची कमान खाली बसलीय तुमची, तीस वर्षं फळ्यासमोर उभं राहिलं की बसणारच. आतून आधार देऊ. होईल.

सुट्टी कसली? तुमच्या कॅलेंडरात नसेल ती. आमच्यातसुद्धा निम्म्या लोकांच्या लक्षात नसते. प्रभूच्या स्वर्गारोहणाचा दिवस. — नाताळ तुम्हाला माहीत आहे, ईस्टर ऐकून असाल — मेलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला तो दिवस. तर उठल्यावर तो चाळीस दिवस आपल्या शिष्यांबरोबर होता, त्यांच्याबरोबर जेवला, बोलला, आणि मग एका टेकडीवर त्यांच्या डोळ्यांदेखत वर गेला. ढग आडवा आला, दिसेनासा झाला. तो हा दिवस. नाताळला आमच्या चर्चमध्ये उभं राहायला जागा नसते, ईस्टरला खुर्च्या बाहेरून आणाव्या लागतात, आणि या गुरुवारी पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, ऑर्गन वाजवणाऱ्या बाई आणि ज्यांना घरी करमत नाही असे सात-आठजण. मीसुद्धा साठीपर्यंत एकदाही गेलो नव्हतो. कशाला जायचं? येण्याचा दिवस साजरा करतात, ते समजू शकतो. माणूस निघून गेला, त्याची सुट्टी कसली घ्यायची? — हसू नका, पाय हलतो. — अगदी हेच मी पाळकसाहेबांना विचारलं होतं. भर उपासनेत, उभा राहून. सांगतो ना. तुम्हाला कुठे जायचंय? पण त्यासाठी आधी आमच्या हिचं सांगावं लागेल.

आमची ही माझ्याकडे गिऱ्हाईक म्हणून आली. तुम्ही बसलात त्याच खुर्चीवर बसली होती — म्हणजे खुर्ची ती नव्हे, ती मोडली, जागा तीच. लहानपणी ताप आला, त्यात डावा पाय मागे राहिला. दोन इंच आणि वर थोडं. बाकी सगळी वाढली, तो पाय तेवढा वाढायचा थांबला. मी मापं घेतली, डाव्या बुटाला खालून जाड सोल चढवला, वरून चामडं. पहिला जोड घालून ती इथून त्या दारापर्यंत चालली, वळली आणि म्हणाली, टाचेला टोचतंय. टोचत नव्हतं. माझं काम मला कळतं, टोचायला तिथे काही नव्हतंच. मी बूट ठेवून घेतला, दोन दिवस नुसता फडताळात ठेवला, परत दिला. तरी टोचतंय. अशी सहा वेळा आली. सातव्या वेळी मीच तिच्या घरी गेलो. तिचे वडील म्हणाले, बूट नीट झाले का? मी म्हटलं, नाही, वेळ लागेल. अठ्ठावीस वर्षं लागली. चौतीस जोड केले मी तिला. मूल झालं नाही, तेव्हा माझं सगळं कसब त्या एका पायावरच खर्च झालं म्हणा ना.

मुलांची हौस आम्ही धाकटीच्या मुलीवर भागवली. धाकटी म्हणजे हिची धाकटी बहीण. मला भाओजी म्हणते, मी तिला धाकटीच म्हणतो, आता पंचावन्नची झाली तरी. दोघी बहिणी एकत्र बसल्या की एकीनं वाक्य सुरू करायचं, दुसरीनं संपवायचं, मधे मला जागा नाही. तर धाकटीच्या मुलीचं लग्न निघालं. चर्चमध्ये लग्न, नंतर हॉलमध्ये जेवण. हॉलला बाहेर संगमरवरी पायऱ्या, अकरा. जेवणाआधी फोटोवाला म्हणाला, सगळ्या घरच्यांनी पायऱ्यांवर उभं राहा. ही तिसऱ्या पायरीपर्यंत चढली आणि आडवी झाली. खुब्याचं हाड. — पायऱ्या ओल्या होत्या असं सगळे म्हणतात. मीही तसंच म्हणायचो. — तीन महिने अंथरुणावर होती. हाड जुळत होतं, पण पडून पडून छातीत कफ झाला, त्याचा न्यूमोनिया झाला, आणि एका सकाळी मी तिला चहा पाजायला उठवायला गेलो तर नव्हतीच. चार वर्षं झाली.

नाही, नाही, ठीक आहे. तुम्ही विचारलंत म्हणून नव्हे, मीच सांगतोय.

दफनाच्या वेळी पाळकसाहेब नवीन होते. तरुण, दोन महिने झाले होते येऊन, हिला त्यांनी दोनदाच पाहिलेलं. कबरीपाशी बोलायला उभे राहिले. म्हणाले, आपल्या बहिणीचं लंगडणं आज संपलं. तो दुबळा पाय इथे मातीत राहिला, ती मात्र सगळं ओझं टाकून मोकळी होऊन वर गेली. लोकांना बरं वाटलं. धाकटीनं डोळे पुसले. मला — कसं सांगू — मास्तर, तुम्ही तीस वर्षं एखाद्या वर्गाला शिकवलंत आणि निरोप समारंभात कुणी म्हणालं की बरं झालं, तो वर्ग एकदाचा बंद पडला, तर कसं वाटेल? ओझं कसलं ओझं? तो पाय मला पाठ होता. करंगळीखाली घट्टा कुठे आहे, थंडीत घोटा किती सुजतो, सगळं. आणि हे म्हणतात, राहिला मातीत. मग वर जे गेलं ते कोण? मी ओळखू कशावरून? मी कबरीवर माती टाकली, घरी आलो, आणि चर्चमध्ये जाणं सोडलं. भांडलो वगैरे नाही. नुसता गेलो नाही. रविवारी दुकानात बसायचो. रविवारी चामडं कापायला शांत असतं.

तीनेक वर्षं गेली अशी. मग एका गुरुवारी ऑर्गनवाल्या बाई आल्या. म्हणाल्या, ऑर्गनच्या भात्याचं चामडं फाटलंय, हवा जाते, सूर रडके येतात, तेवढं बघाल का. ऑर्गनला काय, तोही एक प्रकारचा बूटच, चामडं आणि शिवण. गेलो. ऑर्गनच्या मागे बसलो, ठिगळ कापलं, सरस लावला, दाबून धरला. आता सरस धरेपर्यंत हात काढता येत नाही, माझी गत आत्ता तुमची आहे तशी. आणि बघतो तर माणसं यायला लागली. बाईंना म्हटलं, हे काय? त्या म्हणाल्या, अय्या, आज स्वर्गारोहणाची उपासना, मी विसरलेच. विसरल्या कसल्या! — पण जाऊ द्या, भल्या बाई आहेत.

तर मी ऑर्गनच्या मागे, दोन्ही हात भात्यावर, आणि पुढे पाळकसाहेब. आठ माणसं समोर. त्यांनी टेकडीची गोष्ट सांगितली, येशूनं हात उचलून शिष्यांना आशीर्वाद दिला आणि देता देता वर गेला, आणि मग म्हणाले — शिष्य मोठ्या आनंदाने शहरात परत आले. तिथे माझं डोकं फिरलं. आनंदाने? मी कबरस्तानातून परत आलो तेव्हा मला घराचं कुलूप उघडता येईना. आणि हे अकराजण, ज्याच्या मागे घरदार सोडून हिंडले तो माणूस डोळ्यांदेखत गेला, आणि आनंदाने? मी उठलो. भाता सुटला, ऑर्गनमधून एक आवाज निघाला — तो कसा होता ते मी शिक्षकासमोर सांगत नाही. सगळे वळले. मी म्हटलं, साहेब, एक विचारू? ते म्हणाले, विचारा. म्हटलं, माणूस निघून गेला, यात आनंद कसला?

त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, आपलं माणूस मरतं तेव्हा आपल्यातला एक कमी होतो. हा मरून उठला होता, आता तो जिवंत गेला, तेव्हा आपल्यातला एक तिकडे पोचला. देवाच्या शेजारी आज एक माणूस बसलाय. माणसासारखा दिसणारा देव नव्हे, माणूसही. जन्मलेला, भुकेजलेला, दमून होडीत झोपलेला. तो हे शरीर इथे उतरवून ठेवून गेला नाही. घेऊन गेला.

मी म्हटलं, घेऊन गेला म्हणजे? पायांसकट?

म्हणाले, पायांसकट.

मी म्हटलं, खिळे ठोकलेले पाय? त्या भोकांसकट?

म्हणाले, भोकांसकट. उठल्यावर त्यानं तीच तर दाखवली होती शिष्यांना. ती बुजली नाहीत, बुजवून घेतली नाहीत.

मी म्हटलं, मग आमच्या हिच्या कबरीवर तुम्ही असं का म्हणालात की पाय मातीत राहिला आणि बरं झालं?

आठ माणसं खाली बघायला लागली. पुढच्या बाकावर एक आजोबा होते, त्यांना ऐकू येत नाही, तेवढे हसतमुख बसले होते. पाळकसाहेब लाल झाले. मग म्हणाले, चुकलो. बस, एवढंच. प्रवचनात कुणी असं म्हणतं का? मग त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली, आणि मी ठिगळ परत लावायला बसलो, कारण पहिलं गेलं होतं वाया.

गरम वाटतंय ना? वाटू द्या. म्हणजे धरलं. — दुसऱ्या दिवशी सकाळी ते इथे आले. पाळकसाहेब. इथेच बसले. मी त्यांचे पाय बघितले, सवय आहे, सपाट, तुमच्यापेक्षा वाईट. म्हणाले, मी रात्रभर विचार केला. तिच्या पायाला मी ओझं म्हणालो, ते मी शिकलो त्याच्या उलट आहे. आमचा विश्वास असा की तीही एक दिवस उठेल, शरीरानं उठेल, आणि येशू शरीरासह वर गेला हाच त्याचा पुरावा. तो आत्मा होऊन विरून गेला असता तर आपल्या शरीराला तिकडे जागाच नाही असं झालं असतं. जागा आहे. एक तिथे आधीच आहे. — मी विचारलं, ती उठेल तेव्हा लंगडेल का? म्हणाले, मला माहीत नाही. दुखणार नाही एवढं माहीत आहे. पण तुम्ही तिला ओळखाल. — हे मला पटलं, मास्तर. माहीत नाही म्हणाले ना, तिथे पटलं.

मग मी त्यांना कचेरीतली गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही सांगतो. लग्नानंतर हिच्या पायाचा दाखला काढायचा होता, अपंगत्वाचा. पाच खेपा घातल्या आम्ही. खिडकीवर एकजण बसायचा, तो म्हणायचा, बाई चालतायत की, दाखला कशाला? ही रडकुंडीला यायची. सहाव्या वेळी आतून, मागच्या टेबलावरून, एक कारकून उठला. उठला तेव्हा खट्‌ असा आवाज झाला. पायाला लोखंडी पट्ट्यांचा आधार बांधलेला होता त्याच्या, टेबलाखाली, इतके दिवस कुणाला दिसला नव्हता. तो खुरडत खिडकीपाशी आला, हिच्या बुटाकडे बघितलं, आणि खिडकीवाल्याला म्हणाला, यांचं मी करतो. काही विचारलं नाही. किती चालता, किती दुखतं, काही नाही. अर्ध्या तासात दाखला हातात. आपण म्हणतो ना, कचेरीत आपला माणूस आत असला की काम होतं — लोक त्याचा अर्थ वेगळा घेतात. आपला माणूस म्हणजे ज्याला समजावून सांगावं लागत नाही तो. पाळकसाहेबांना म्हटलं, येशू वर जाऊन बसला तो असाच का? ते म्हणाले, अगदी असाच, तिथे तो आपली बाजू मांडतो. आणि म्हणाले, तो खाली राहिला असता तर एका वेळी एकाच गावात असता, रांग लागली असती. आता कुठूनही बोललं तरी त्याच्यापर्यंत जातं. इथूनसुद्धा? म्हटलं. इथूनसुद्धा, म्हणाले, सरसाचा वास येतो तिथूनसुद्धा.

मला खूप बरं वाटलं. आणि लगेच वाईट वाटलं. कारण आपला माणूस आत असला म्हणजे त्याला आपलं सगळं माहीत असतं, हेही त्यात आलंच की.

घड्याळ बघू नका, अजून आठ मिनिटं आहेत.

पायऱ्या ओल्या नव्हत्या, मास्तर. म्हणजे त्या होत्या की नव्हत्या त्याचा संबंध नाही. हिच्या पायात त्या दिवशी वेगळे बूट होते. सारखे. दोन्ही बाहेरून एकसारखे, डाव्याला जाड सोल नाही. एकदा तरी फोटोत सरळ उभी राहायचं मनात होतं, तिनं हट्ट धरला, मी केले. डाव्यात आतून एक इंच बूच घातलं, त्याहून जास्त मावत नाही, टाच बाहेर येते. उरलेलं सव्वा इंच तिनं चवड्यावर चालून भागवायचं. पन्नाशी उलटलेल्या बाईनं. अकरा पायऱ्या. असले बूट मागायला माझ्याकडे वर्षाला दहाजण येतात, मी दहाही जणांना परत पाठवतो. तर ती पडली, आणि अँब्युलन्स यायच्या आत मी खाली बसलो, ते बूट तिच्या पायातून काढले आणि पिशवीत टाकले. सूज येईल म्हणून काढतोय, असं म्हणालो. रोजचे बूट गाडीत होते, ते आणून तिच्या उशाशी ठेवले. कुणी विचारलंसुद्धा नाही. मी बूटवाला, बायकोचे बूट काढले, त्यात विचारायचं काय?

आणि तेवढ्यात धाकटीला हॉलचा रखवालदार दिसला. हातात बादली, बादलीत पोछा. झालं. ती त्याच्यावर धावली, बोट रोखून, सगळ्या वऱ्हाडासमोर, की तू पायऱ्या ओल्या ठेवल्यास, माझी बहीण तू पाडलीस. त्यानं बादली पाठीमागे घेतली. धाकटीनं लेखी तक्रार दिली, आठवड्याच्या आत त्याला काढला. अकरा वर्षं होता तिथे. मी तिथेच उभा होतो, पिशवी घेऊन. मला एक वाक्य बोलायचं होतं, ते बोललो नाही. मग ही तीन महिने आजारी, तेव्हा कसं बोलणार? मग ती गेली, तेव्हा कसं बोलणार? न बोलायला कारण लागत नाही, मास्तर, ते दर वेळी आपोआप मिळतं.

हे सगळं पाळकसाहेबांना सांगितलं त्या सकाळी. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं, म्हणतील, क्षमा झाली. तसं म्हणालेच ते. पण मग म्हणाले, काल तुम्ही प्रवचन अर्ध्यात थांबवलंत, पुढचा भाग राहिला. येशू गेल्यावर शिष्य वर बघत उभे राहिले, तेव्हा पांढऱ्या कपड्यांतली दोन माणसं आली आणि म्हणाली, आकाशाकडे बघत काय उभे राहिलात? जसा गेला तसाच परत येईल तो. — म्हणजे काय? म्हटलं. म्हणजे टेकडी उतरा, म्हणाले. तो वर तुमची बाजू मांडेल, पण रखवालदार खाली आहे.

मग शोधला. इस्त्रीच्या दुकानात उभा असतो आता. मी गेलो, सांगितलं, एका दमात, बुटांपासून पिशवीपर्यंत. त्यानं ऐकता ऐकता दोन शर्टांच्या घड्या घातल्या. म्हणाला, मला माहीत होतं पाण्यानं काही झालं नाही. मी त्या दिवशी पायऱ्या पुसल्याच नव्हत्या. — काय? — पुसल्याच नव्हत्या, म्हणाला. सकाळी कंटाळा केला. बादली कोरडी होती, आत हातसुद्धा घातला नाही कुणी. पण रजिस्टरमध्ये पुसल्या म्हणून सही केली होती, मग कुठल्या तोंडानं सांगू? — आता याला काय म्हणावं? मला हसू यायला लागलं, त्यालाही आलं, दोघंही इस्त्रीच्या टेबलाला धरून हसलो. आणि मग तो हसायचा थांबला. म्हणाला, पण तुम्ही गप्प बसलात ते वेगळं. त्या दिवशी माझी मुलगी तिथे होती. ताटं उचलायला आली होती, सुट्टी होती म्हणून. तिच्यासमोर त्या बाईनं बोट रोखलं. ती अजून कधीकधी विचारते, बाबा, त्या पडलेल्या बाईंचं काय झालं? मेल्या हे मी तिला सांगितलेलं नाही.

मी म्हटलं, तुझ्यासाठी काय करू? हॉलवाल्यांकडे गेलो दोघं. मॅनेजर म्हणाला, जागा भरली. ते मला वाटलंच होतं. मग तो म्हणाला, मला नोकरी नको. इथे ऊब असते. ज्यांनी बोट रोखलं त्या बाईंना कळू द्या, तेवढं करा. त्यांनी येऊन माझ्या मुलीला सांगावं.

एवढंच. आणि या गोष्टीला वर्ष होत आलं.

तुम्ही बघताय तसं बघू नका. सोपं नाही ते. मी खरं सांगितलं की माझ्या छातीवरचं उतरतं, आणि धाकटीच्या छातीवर चढतं. एका निरपराध माणसाला आपण रस्त्यावर आणलं, हे तिला कळणार, तेही पंचावन्नाव्या वर्षी, आणि ज्याच्या शब्दावर विसंबली त्याच्याकडून. माझ्याशिवाय तिला मोठं कुणी नाही आता. दर मंगळवारी मला डबा आणते. चार वर्षं, एक मंगळवार चुकलेला नाही. — म्हणून गुरुवारी तिला चर्चमध्ये बोलावलंय. उपासनेनंतर पाळकसाहेब थांबणार आहेत, आणि तिथे बाहेर बाकावर बसून सांगायचं असं ठरलंय. म्हणून दुकान बंद.

झालं, धरलं. आता कापतो. ही रापी आहे, पण आत मी पट्टी घातलीय, तुम्हाला लागणार नाही. फक्त बोलू नका. — तुम्ही कुठे बोलताय म्हणा. —

एक सांगू? तिनं हट्ट धरला असं मी मघाशी म्हणालो. पाळकसाहेबांनाही तसंच सांगितलं, रखवालदारालाही. तसं नाही ते. तिनं कधीच मागितले नव्हते सारखे बूट. अठ्ठावीस वर्षांत एकदाही नाही. मीच केले. गुपचूप केले, लग्नाच्या आदल्या दिवशी तिच्यासमोर ठेवले. तिनं उलटून बघितले, आत बोट घालून बूच चाचपलं — तिला कळत होतं सगळं, माझ्याइतकंच — आणि म्हणाली, हे कशाला? मी म्हटलं, फोटोत बरं दिसेल. तिनं बूट मांडीवर ठेवले. मग म्हणाली, तुम्हाला बरं दिसेल? मी म्हटलं, हो. — हो म्हणालो मी. — मग घालते, म्हणाली. आणि घातले.

हे वर त्याला माहीत असणार. आपला माणूस आहे, त्याला खिडकीवर विचारावं लागत नाही. त्याला माहीत असून तो माझी बाजू मांडत असेल, तर काय बोलत असेल, हे मला खरंच समजत नाही, मास्तर. मी असतो तर मला सुचलं नसतं. पण तो बोलतोय असं म्हणतात, आणि मी त्यावरच दिवस काढतोय, हे खरं. त्या अकराजणांना आनंद झाला तो याचाच असेल. त्याला धरून नेलं त्या रात्री त्यांच्यातले सगळे तर त्याला टाकून पळाले होते की आधी.

निघाला बघा. सुरेख आलाय साचा. बोटन्‌बोट उमटलंय. पाय पुसा, फडकं तिथे आहे, मोजा त्या —

आली. ती काय, रस्ता ओलांडतेय. हिरवी छत्री. मंगळवार नाही का आज.

नाही, तुम्ही बसा — नको, उठा. उठा मास्तर. गुरुवार दोन दिवसांवर आहे, आणि मला ठाऊक आहे मी दोन दिवसांत काय करेन. बाकावर बसून ऊन पडलंय म्हणेन. तुम्हाला सांगून झालंय, तोंड उघडंच आहे, तर आत्ताच. मोजा बाहेर घाला. बूट हातात घ्या. पुसायचं राहू द्या, प्लास्टर आहे, झडतं. शुक्रवारी या. — दार ओढून घेऊ नका, ती येतेय.

ये, धाकटे. हे मास्तर, निघालेत. — नाही, डबा तिकडे ठेव. नाही, भूक नाही. आधी बस. — तिथे नको. या खुर्चीवर बस.